क्लाउड होस्टिंग: यंत्राची काळजी गेली, खात्याची आली

जगातली पहिली वेबसाइट ज्या कॉम्प्युटरवर चालायची, त्याला एक चिठ्ठी चिकटवलेली होती. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत वेबचे जनक टिम बर्नर्स-ली वापरत असलेला नेक्स्ट कंपनीचा काळा ठोकळा होता तो. चिठ्ठीवर लाल शाईने हाताने लिहिलं होतं: हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका! येता-जाता कुणाचा हात बटणावर पडला असता, तर साइट तिथल्या तिथे बंद पडली असती.

क्लाउड होस्टिंगचे, म्हणजे दुसऱ्या कंपनीची यंत्रं इंटरनेटवरून भाड्याने घेऊन साइट चालवण्याचे, फायदे-तोटे मांडताना मला ही चिठ्ठी नेहमी आठवते. क्लाउडमुळे तिची गरज संपली, पण जी धास्ती होती तिने फक्त जागा बदलली.

कॉम्प्युटरची ताकद टेलिफोनसारखी, हवी तेवढी वापरून पैसे मोजायची, ही कल्पना वेबच्या तीस वर्षं आधीची आहे. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या शताब्दीनिमित्त बोलताना संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी टेलिफोनचंच उदाहरण देऊन ती मांडली होती. तेव्हाचे कॉम्प्युटर खोलीभर मोठे आणि इतके महाग, की ते एका माणसासाठी अडवून ठेवणं परवडायचं नाही. त्याच वर्षी एमआयटीतच फर्नांडो कोर्बाटो यांच्या गटाने टाइम-शेअरिंग करून दाखवलं. यंत्र एकच, ते वापरायची टर्मिनल (त्याला जोडलेली साधनं) अनेक, आणि प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाचा थोडा थोडा भाग. पुढे आयबीएमने एकाच मेनफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरच्या, पोटात अनेक आभासी मशीन (सॉफ्टवेअरने बनवलेले वेगळे कॉम्प्युटर) चालवली. १९७२ चं व्हीएम/३७० हे त्याचं गाजलेलं रूप. आज आपण क्लाउड सर्व्हर घेतो तेव्हाही बहुतेक वेळा हातात येतो तो मोठ्या यंत्राचा असाच एक कापून दिलेला तुकडा.

वेब आलं तेव्हा मात्र ही कल्पना थोडी मागे पडली होती. नव्वदच्या दशकात साइट चालवायची तर रस्ते दोनच. पहिला शेअर्ड होस्टिंगचा: एका सर्व्हरवर शेकडो साइट, स्वस्तात काम, पण शेजारच्या साइटवर गर्दी झाली की आपली साइटही रेंगाळायची. दुसरा स्वतःचा सर्व्हर घेण्याचा. तो विकत घ्या किंवा महिन्याच्या भाड्याने घ्या, अडचण एकच होती. वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या दिवसाला पुरेल एवढी ताकद घ्यावी लागायची आणि उरलेले दिवस ती नुसती पडून राहायची. अंदाज कमी पडला, तर नेमकी लोक येतात त्याच दिवशी साइट कोलमडायची. नवा सर्व्हर मागवून, रॅकमध्ये बसवून, चालू होईपर्यंत गर्दी निघून गेलेली असायची.

ही कोंडी फुटली ती आभासी मशीनची जुनी युक्ती साध्या, स्वस्त सर्व्हरवर उतरली तेव्हा. व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये असं पहिलं उत्पादन आणलं, २००३ मध्ये केंब्रिज विद्यापीठातून झेन हे त्याच कामाचं सॉफ्टवेअर बाहेर पडलं. त्या झेनवरच ॲमेझॉनची ईसी२ ही भाड्याने सर्व्हर देणारी सेवा उभी राहिली. आधी १४ मार्च २००६ रोजी एस३ ही साठवणुकीची सेवा सुरू झाली, दर महिन्याला एका जीबीला १५ सेंट. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ईसी२ आली, तासाला १० सेंटपासून. खरी क्रांती त्या ‘तासाला’ शब्दात होती. सर्व्हर ही भांडवली खरेदी राहिली नाही. चार तास लागला, चार तासांचे पैसे दिले, बंद केला. दोन माणसांच्या कंपनीलाही मोठ्या कंपनीच्या तोडीची यंत्रणा वापरता येऊ लागली, आणि एखादा प्रयोग फसला तर नुकसान काही तासांच्या भाड्याएवढंच. हा फायदा मी आजही सगळ्यात मोठा मानतो.

मोठ्यांनाही तो पटला. ऑगस्ट २००८ मध्ये, तेव्हा टपालाने डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या नेटफ्लिक्सचा डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी क्लाउडची वाट धरली. जानेवारी २०१६ पर्यंत, म्हणजे सात वर्षांहून जास्त काळ, हे स्थलांतर चाललं.

धोक्यांचा इतिहासही याच काळातला आहे. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनमधला एक इंजिनीअर बिलिंगच्या यंत्रणेतला संथपणा शोधत होता. काही मोजके सर्व्हर काढून टाकायची कमांड त्याने दिली, पण ती टाइप करताना चूक झाली आणि हव्या त्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. अमेरिकेच्या पूर्व विभागातली एस३ सेवा चार तासांहून अधिक काळ कोलमडली आणि तिच्यावर टेकलेल्या असंख्य साइट एकदम आडव्या झाल्या. ‘सेवा सुरळीत आहे का’ हे सांगणारा ॲमेझॉनचा स्वतःचा डॅशबोर्डसुद्धा एस३ वरच अवलंबून होता, त्यामुळे तोही वेळेवर बदलता आला नाही. पूर्वी एकाची चूक एकाला भोवायची. आता सगळेच थोड्या कंपन्यांकडे भाडेकरू असल्यामुळे एकाची चूक हजारोंना भोवते.

क्लाउडची प्रत्यक्ष इमारत असते, हेही लोक विसरतात. १० मार्च २०२१ च्या रात्री फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं एक अख्खं डेटा सेंटर जळून गेलं. रस्ट या ऑनलाइन खेळाच्या युरोपातल्या २५ सर्व्हरवरचा डेटा कायमचा गेला. काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच इमारतीत होते. ‘क्लाउडवर आहे म्हणजे सुरक्षित आहे’ हा समज त्या रात्री अनेकांना महाग पडला.

शिवाय यंत्राची राखण क्लाउड कंपनी करते, दाराची किल्ली आपल्याकडेच असते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेची क्लाउडवर ठेवलेली, दहा कोटींहून अधिक लोकांची माहिती चोरीला गेली, ती फायरवॉलच्या (नको त्यांना बाहेर अडवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) चुकीच्या सेटिंगमुळे, आणि ते सेटिंग बँकेच्या बाजूचं होतं. त्याआधी, जून २०१४ मध्ये, कोड स्पेसेस नावाच्या कंपनीच्या क्लाउड खात्यात हल्लेखोर शिरला आणि डेटा, बॅकअप, सगळं पुसत सुटला. बॅकअप त्याच खात्यातून पुसता येत होते. कंपनीला कायमचं टाळं लागलं.

इथे त्या चिठ्ठीकडे परत यावंसं वाटतं. तेव्हा सगळं एका बटणावर होतं, आता एका खात्यावर आहे. माझ्या पाहण्यातली एक साइट अशीच बंद पडली. सर्व्हर ठणठणीत होता. बिल ज्या कार्डावरून जायचं त्याची मुदत संपली होती, आणि सूचनांचे ईमेल नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर जाऊन पडत होते. खातं गोठल्यावरच सगळ्यांना कळलं. दोष क्लाउड कंपनीचा अजिबात नव्हता, आमच्यापैकी कुणी लक्षच ठेवलं नव्हतं.

पैशाचं गणितही कायम फायद्याचंच राहतं असं नाही. डेटा आत टाकणं बहुधा फुकट, बाहेर काढताना मात्र मीटर चालू, त्यामुळे २०२४ पर्यंत तरी मोठ्या कंपन्या सोडून दुसरीकडे जाणंही महाग पडायचं. लोकांच्या फाइली साठवणाऱ्या ड्रॉपबॉक्सने आपला बहुतेक डेटा क्लाउडवरून स्वतःच्या सर्व्हरवर आणला आणि दोन वर्षांत साडेसात कोटी डॉलरच्या आसपास खर्च वाचवला. अर्थात एवढा मोठा आणि स्थिर वापर फार थोड्यांचा असतो. कायद्याची बाजूही आहे: २०१८ च्या अमेरिकी क्लाउड ॲक्टनुसार तिथल्या कंपनीकडचा डेटा परदेशातल्या सर्व्हरवर असला, तरी अमेरिकी सरकारी यंत्रणा तो कायदेशीर आदेशाने मागू शकतात.

मे २०२४ मधली घटना मी प्रत्येक व्यावसायिकाला सांगतो. ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या सहा लाखांहून अधिक सदस्यांच्या निवृत्तिवेतन फंडाचं गुगल क्लाउडवरचं खासगी क्लाउड, म्हणजे फक्त त्या फंडासाठी राखलेली यंत्रणा, आपोआप पुसलं गेलं. ते उभारताना गुगलच्या एका अंतर्गत साधनात एक रकाना रिकामा राहिला होता, त्यामुळे त्याला एक वर्षाची मुदत लागली. वर्ष भरलं, क्लाउड गेलं. डेटाच्या प्रती दोन वेगवेगळ्या ठिकाणी होत्या, पण पुसण्याची आज्ञा दोन्हीकडे लागू झाली. साधारण आठवडाभर सदस्यांना आपल्या खात्यात शिरता आलं नाही. डेटा परत उभा करता आला, आणि त्यात फंडाने वेगळ्या कंपनीकडे, वेगळ्या खात्यात ठेवलेला बॅकअप कामी आला.