दातात अन्न अडकणे

जेवताना दोन दातांच्या मधे अन्नाचा कण किंवा धागा घुसून बसतो आणि कितीही चुळा भरल्या तरी निघत नाही, हा तो प्रकार. डेंटिस्ट लोक याला फूड इम्पॅक्शन नाहीतर फूड लॉजमेंट म्हणतात. मेथीचं देठ, मटणाची रेषा, रायवळ आंब्याचा केसर, मक्याच्या दाण्याचं साल, सुपारीचं खांड, तीळ, यातलं काही ना काही प्रत्येकाच्या दातात कधीतरी अडकतंच आणि तेवढ्याने काही बिघडत नाही. पण रोज, तेही एकाच जागी अडकायला लागलं, तर तिथे काहीतरी किडलंय, झिजलंय, मोडलंय नाहीतर सरकलंय असं सरळ धरून चालावं. अडकलेलं काढलं की लगेच बरं वाटतं ना, तिथेच सगळा घोळ होतो, लोक वर्षानुवर्षं टाचणीवर भागवतात आणि तोवर शेजारशेजारच्या दोन्ही दाढा कामातून जातात.

निरोगी तोंडात शेजारचे दोन दात एका छोट्याशा जागी एकमेकांना घट्ट टेकलेले असतात, त्याला कॉन्टॅक्ट म्हणतात. दातांच्या फटी साफ करायचा बारीक दोरा, म्हणजे फ्लॉस, तिथून खाली जाताना टक्कन अडतो आणि मग सुटतो, ते याच्यामुळे. त्याच्या खालची तिकोनी जागा हिरडीच्या टोकाने भरलेली असते आणि दाढेच्या वरच्या कडा अशा उंच असतात की चावलेला घास फटीत न जाता जीभ आणि गालाकडे वळतो. म्हणजे अन्न आत जाऊ नये याची सोय मुळातच आहे. हा कॉन्टॅक्ट जरा सैल पडला किंवा कड तुटली की घास वरून थेट आत दाबला जातो, आणि समोरच्या जबड्यातल्या दाढेचं टोक नेमकं त्या फटीवर येत असेल तर मग बघायलाच नको, खलबत्त्यातल्या बत्त्यासारखं ते दर घासाला अन्न आत ठेचत राहतं. अशा टोकाला प्लंजर कस्प म्हणतात. आयझॅडोर हर्शफेल्ड या अमेरिकन दंतवैद्याने १९३० मध्ये अन्न अडकण्याच्या कारणांची वर्गवारी केली होती आणि ती अजूनही शिकवली जाते. वरून दाबलं जाणारं अन्न वेगळं आणि हिरडी खाली गेल्यामुळे बाजूने, जीभ-गालाच्या दाबाने शिरणारं वेगळं, हा फरकही लक्षात ठेवायचा, कारण दोन्हीचे उपाय वेगळे आहेत.

आपल्याकडे दिसणारं एक ठरलेलं कारण म्हणजे काढलेली दाढ. दुखली, काढून टाकली, आणि मागचीच तर आहे कोणाला दिसतेय म्हणून तिथे काही बसवलं नाही. मग मागची दाढ हळूहळू पुढे कलते, वरची खाली उतरते, आणि जिथे आधी कधी काही अडकत नव्हतं अशा दोन-तीन ठिकाणी फटी पडतात. पेशंट म्हणतो दाढ काढल्यापासून बाकीचे दात खराब झाले, ते खरंच असतं, पण दोष काढण्यापेक्षा जागा मोकळी सोडण्याचा जास्त.

दुसरं कारण अक्कलदाढ. खालची अक्कलदाढ आडवी किंवा तिरकी येऊन पुढच्या दाढेला टेकते आणि त्या खाचेत भात, पोळी, सगळं साठतं, ब्रश तिथे नीट पोचत नाही, आणि पुढच्या चांगल्या दाढेला मागच्या बाजूने कीड लागते. अक्कलदाढेवर हिरडीचं झाकण असेल तर त्याच्याखालीही अन्न सडतं, मग सूज येते, तोंड उघडत नाही, गिळताना दुखतं.

तिसरं, दोन दातांच्या मधे लागलेली कीड आणि तिथे नीट न भरलेलं सिमेंट किंवा चांदी. फिलिंग भरताना कॉन्टॅक्ट नीट जुळवला नाही तर दाढ दुखायची थांबते पण अन्न अडकायला लागतं. असं झालं तर गप्प न बसता परत जाऊन सांगावं, ते दुरुस्त होतं. सैल बसलेल्या कॅपचंही तेच. इम्प्लांटच्या बाबतीत गंमत अशी की खरे दात आयुष्यभर किंचित पुढे सरकत राहतात आणि हाडात बसवलेला इम्प्लांट जागचा हलत नाही, त्यामुळे सुरुवातीला घट्ट असलेला कॉन्टॅक्ट काही वर्षांनी सुटू शकतो.

याशिवाय सुपारी आणि तंबाखू आहेतच. वर्षानुवर्षं सुपारी फोडून दाढांची टोकं आणि कडा झिजून सपाट होतात, मग घास वळवणारं काही उरतच नाही. मिश्री घासणाऱ्या बायकांच्या हिरड्या मुळाकडे सरकलेल्या दिसतात आणि तिथे बाजूने अन्न शिरतं. वयामुळेही हिरडी थोडी खाली जाते, शुगर असेल तर हिरडीचा आजार आणखी बळावतो.

अडकलेलं अन्न काढलं नाही तर काय होतं? आधी दडपण, काहीतरी पाचर मारल्यासारखं वाटतं, दुखणारी दाढ नेमकी कुठली ते सांगता येत नाही. मग हिरडी सुजते, रक्त येतं. अन्नातल्या साखरेवर आणि पिठावर जंतू ॲसिड तयार करतात, आणि पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, विरघळायला लागतं, दोन्ही दातांचं, कारण फट दोघांची सामाईक. ही कीड आरशात दिसत नाही, वरून दात पांढराशुभ्र आणि आतून पोकळ, म्हणून बाइटविंग नावाचा छोटा एक्स-रे काढतात. हिरडीच्या खाली हाड झिजतं, खिसा तयार होतो, खिशात आणखी अन्न जातं. ज्वारीच्या लाहीचं किंवा पॉपकॉर्नचं टरफल हिरडीत घुसलं तर पू होऊन गळू येऊ शकतं. आणि वास. ऑक्सिजन नसलेल्या जागी जंतू प्रथिनं कुजवून गंधकाचे वायू सोडतात, घरचे बोलत नाहीत पण लांब सरकतात.

ही वासाची गोष्ट जुन्या लोकांना पक्की माहीत होती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात जेवणाच्या नियमांमधे म्हटलंय की दातांत अडकलेलं अन्न शोधनाने, म्हणजे साफ करायच्या साधनाने, हळूहळू काढावं, नाही काढलं तर तोंडाला घाण वास येतो. त्यातलं हळूहळू मात्र आपण विसरलो. पूर्वी कानकोरणं-दातकोरणं एका कडीत अडकवलेलं असायचं, आता सेफ्टी पिन, काडेपेटीची काडी, व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा, बाइकची किल्ली, काहीही चालतं लोकांना. याने हिरडीचं टोक जखमी होऊन खाली बसतं आणि फट मोठी होते. फ्लॉसची कल्पना न्यू ऑर्लिन्सच्या लेवी स्पिअर पार्मली या दंतवैद्याची मानतात, त्याने १८१९ च्या पुस्तकात मेण लावलेला रेशमी दोरा वापरायला सांगितला होता. दात चिकटून असतील तर फ्लॉस, झटका न देता पुढेमागे करत आत न्यायचा. फट मोठी असेल तर दोऱ्यापेक्षा इंटरडेंटल ब्रश बरा, म्हणजे तारेवरचा बारीक ब्रश, तो वेगवेगळ्या जाडीत मिळतो, आणि जबरदस्तीने घुसवावा लागतोय म्हणजे साइज चुकलाय. लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलने दुखणं जरा बधिर होतं पण अन्न तिथेच राहतं. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून धरणं तर मूर्खपणाच, तिथली कातडी भाजून पांढरी पडते.

उपचार कारण बघून. कीड असेल तर ती काढून नवं फिलिंग, या वेळी पट्टी आणि पाचर लावून कॉन्टॅक्ट नीट उभा करून, जास्त तुटलं असेल तर कॅप. समोरचं टोक टोचत असेल तर ते थोडं घासून गोल करतात. आडवी अक्कलदाढ सहसा काढतातच. हिरडी खाली गेली असेल तर सफाई करून रोज इंटरडेंटल ब्रश, कारण गेलेलं टोक सहजासहजी परत येत नाही. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेजं आहेत, गर्दी असते, अर्धा दिवस जातो, पण काम होतं.

लहान मुलांत दुधाच्या दोन दाढांच्या मधे हे फार होतं. मूल एका बाजूनेच जेवतं, पोळीचा तुकडा तोंडात धरून बसतं, आणि आईवडील म्हणतात दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत. या दाढा पडतात साधारण दहा ते बाराव्या वर्षी, आणि कीड लागते चौथ्या-पाचव्या वर्षी. त्या लवकर काढाव्या लागल्या तर मागून येणारी कायमची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताला जागा उरत नाही, म्हणून वेळेत फिलिंग करतात, आणि काढावीच लागली तर स्पेस मेंटेनर नावाची तारेची कडी बसवून जागा राखतात.