पोहण्याच्या टँकचा पंप: मोठा नको, हळू चालणारा हवा

गड्ड्याची यात्रा उरकली की सोलापुरात उन्हाचे वेध लागतात, आणि जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीत पोहण्याचा टँक साफ करायला काढतात. यंदा पंप सुरू केला तर आतून खडी दळल्यासारखा आवाज यायला लागला. शाफ्टपाशी पाणी ठिबकत होतं, मोटारीला हात लावला तर चटका बसत होता. दोनदा रिवाइंडिंग झालेली मोटार ती. मीटिंगमध्ये जवळजवळ ठरलंच होतं: जुना दीड एचपीचा होता, आता दोनचा बसवू, म्हणजे पाणी लवकर फिरेल. टँकचा पंप बदलताना यापेक्षा महागात पडणारी चूक नाही, असं माझं ठाम मत आहे.

मेकॅनिकने पंप समोरच उघडला. ठिबकण्याचं कारण लगेच दिसलं. शाफ्टवरच्या सीलमध्ये कार्बनची आणि सिरॅमिकची अशा दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर घासत फिरतात, आणि मधला पाण्याचा पातळ थर त्यांना थंड ठेवतो. पंप थोडा वेळ जरी कोरडा चालला तरी त्या तापून तडकतात. आमच्या सिरॅमिकच्या चकतीला केसासारखी बारीक चीर गेली होती.

इम्पेलरची, म्हणजे पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकाची, दशा अधिक बोलकी होती. पात्यांवर बोअरच्या जड पाण्याचा पांढरा क्षार घट्ट बसलेला, आणि आतल्या कडांवर देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे. हे खड्डे पाण्यानेच पाडलेले असतात, तेही उकळून.

पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं तर तो तोंडाशी दाब कमी करतो आणि टँकवरची हवा पाण्याला आत ढकलते. वाट अरुंद असेल किंवा गाळणीत पानं, केस अडकले असतील, तर इम्पेलरच्या तोंडाशी दाब फारच उतरतो. हवेच्या दाबाच्या साधारण साडेचार टक्क्यांवर आला की 30 अंशाचं पाणीही उकळतं! वाफेचे बुडबुडे तयार होतात, पुढे दाब वाढला की फटकन मिटतात, आणि प्रत्येक बुडबुडा मिटताना धातूवर घाव बसतो. खडीचा आवाज त्याचाच. आमच्याकडे सक्शनचा, म्हणजे टँकमधून पंपाकडे पाणी आणणारा, पाइप दीड इंची होता. त्याच पाइपवर दोन एचपीचा पंप म्हणजे दाब आणखी खाली आणि खड्डे आणखी लवकर. पाइप दोन इंची केला तर तेवढंच पाणी नेताना घर्षणाने वाया जाणारा दाब साधारण पाव उरतो, कारण हा तोटा व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताने घटतो.

आता मुख्य गणित. पंपाचा वेग निम्मा केला की पाणी निम्मं येतं, दाब पाव होतो आणि लागणारी शक्ती एक अष्टमांश होते, कारण शक्ती वेगाच्या घनाने घटते. आमचा टँक 12 मीटर लांब, 6 मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल, म्हणजे 90,000 लिटरचा. तासाला 15,000 लिटर फिरवायचे तर 6 तास लागतात. मोटार 1.1 किलोवॉट खात असेल तर 6.6 युनिट. वेग निम्मा ठेवून 12 तास चालवला तर तेवढंच पाणी फिरतं आणि हिशेबाने 1.65 युनिट लागतात. कमी वेगात मोटारीची कार्यक्षमता थोडी घटते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा याहून वर जातो, पण बचत मोठीच राहते.

मग बोअरची मोटारही अशीच हळू चालवावी का? नाही. तिथे पाणी खरोखर वर चढवायचं असतं. वेग निम्मा केला तर दाब पाव होईल आणि पाणी वरपर्यंत पोचणारच नाही. टँकचं पाणी मात्र जिथून निघतं तिथेच परत येतं. उंची चढायची नसते, झगडा फक्त पाइप आणि फिल्टरमधल्या घर्षणाशी असतो. म्हणून हा घनाचा नियम इथे जवळजवळ पुरेपूर लागू पडतो.

पाणी एकदा फिरलं म्हणजे सगळं गाळलं गेलं, असंही नाही. गाळलेलं पाणी न गाळलेल्यात मिसळत राहतं. टँकएवढं पाणी एकदा फिरवलं तर सुमारे 63 टक्केच पाणी फिल्टरमधून गेलेलं असतं, दोनदा फिरवल्यावर 86, तीनदा फिरवल्यावर 95. त्यामुळे जास्त तास चालणारा हळू पंप परवडतो. शिवाय वाळूचा फिल्टर संथ पाण्यातच बारीक गाळ नीट धरतो.

शेवटी वेग कमी-जास्त करता येणारा दीड एचपीचाच पंप घेतला, सक्शनचा पाइप दोन इंची केला आणि पंपरूमच्या भिंतीला जाळीची खिडकी पाडून घेतली. मोटारीच्या कॉइलचं तापमान 10 अंशांनी वाढलं की तिच्या इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं. एप्रिल-मेच्या उन्हात बंद खोलीत मोटार का जळते, ते यावरून कळेल.

बॅकवॉश, म्हणजे फिल्टरमधून उलटं पाणी सोडून वाळू धुणं, मात्र पूर्ण वेगानेच करायचा. वाळू उचलली गेली नाही तर मळ तिथेच राहतो, आणि नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात बॅकवॉशचं पाणी फुकट घालवणं जिवावर येतं. दाबाच्या काट्याकडेही नीट पाहायला हवं. स्वच्छ फिल्टरवर पूर्ण वेगात 0.8 दाखवणारा काटा निम्म्या वेगात 0.2 वर येतो. तो पाहून फिल्टर स्वच्छ आहे असं वाटतं, आणि तुंबलेला फिल्टर कळतच नाही. म्हणून आमचा वॉचमन दर रविवारी सकाळी पंप दहा मिनिटं पूर्ण वेगाने चालवतो आणि काट्याचा आकडा पंपरूमच्या दाराआड खडूने लिहितो.