सोरॉरिटीचं घर आणि कुंटणखान्याचा कायदा

अमेरिकेला शिकायला निघालेल्यांच्या ग्रुपवर हे फिरतं: ‘तिथे एका घरात सहापेक्षा जास्त मुली राहिल्या तर कायद्याने तो कुंटणखाना ठरतो, म्हणून अनेक कॉलेजांत सोरॉरिटीला घर नसतं.’

सोरॉरिटी म्हणजे ग्रीक अक्षरांच्या नावाची, विद्यार्थिनींची संघटना. अध्यक्ष, खजिनदार त्यांच्यातूनच निवडलेल्या.

आधी आकडा बघा. कुणी चार सांगतं, कुणी सहा, कुणी आठ. खरा कायदा असता तर त्याला कलम असतं, आकडा ठरलेला असता. शिवाय अलाबामातल्या टस्कलूसात सोरॉरिटीच्या एकेका घरात डझनावारी मुली उघडपणे राहतात. कुंटणखाना तिथेही धंद्यावरून ठरतो, डोकी मोजून नव्हे.

मग लोकांना हे का पटतं? कारण जवळपासचा एक नियम खरोखर आहे. बऱ्याच गावांचे झोनिंगचे, म्हणजे कुठल्या भागात जागेचा कसा वापर करायचा याचे नियम नात्यात नसलेल्या किती जणांनी एका घरात राहायचं ते ठरवतात. मुलगे असोत की मुली. न्यू यॉर्क राज्यातल्या बेल टेअर गावात ही मर्यादा दोनची होती. सहा विद्यार्थ्यांच्या घरावरून वाद झाला आणि 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने नियम वैध ठरवला. त्या सहांत मुलगेही होते! बाकी घर नसण्याची कारणं साधी: जागेची किंमत, कॉलेजचं धोरण.

पडताळायचं तर त्या गावाचा म्युनिसिपल कोड, म्हणजे स्थानिक नियमांचा संग्रह, बहुधा ऑनलाइन असतो. झोनिंगच्या भागात ‘फॅमिली’ची व्याख्या शोधा; नात्यात नसलेल्यांची मर्यादा बहुधा तिथेच असते. चार-पाच जणांत घर भाड्याने घेणाऱ्या आपल्या मुलांनी तर करारावर सही करण्याआधीच.