पार्श्वभूमी : शुक्राचा ताप आणि ‘हरितगृह’ नावाचा घोळ

वातावरण उष्णता अडवून धरते, हा विचार १८२४ सालचा, एका फ्रेंच गणितज्ञाचा. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल, हा पहिला हिशेब १८९६ मध्ये एका स्वीडिश रसायनतज्ज्ञाने हाताने मांडला. शाळेत आपण हे शिकलेलो असतो. या परिणामाला ‘हरितगृह’ (रोपांचे काचघर) हे नाव मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चिकटले आणि तिथून घोळ सुरू झाला : काचघरही काच उष्णता अडवते म्हणूनच तापते, असे मानले गेले.

१९०९ मध्ये एका अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने दोन पेट्या उन्हात ठेवल्या. एकीला काचेचे झाकण, दुसरीला सैंधवाच्या चकतीचे. उष्णतेचे अवरक्त किरण सैंधवातून आरपार जातात, काचेत अडतात. ऊन आधी काचेतून गाळून घेतल्यावर दोन्ही पेट्या जवळपास सारख्याच, ५५ अंशांच्या आसपास तापल्या. म्हणजे पेटी गरम राहते ती मुख्यतः आतली हवा कोंडल्यामुळे. पॉलिहाऊसवाल्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. बाजूचे पडदे गुंडाळून वर केले की गरम हवा निघून जाते.

पण नाव चुकले म्हणून सिद्धान्त खोटा ठरत नाही. आजही तसा युक्तिवाद होतो, आणि तो साफ चुकीचा आहे. ग्रहाला गुंडाळायला पडदे नसतात. त्याची उष्णता अवकाशात जाते ती किरणांच्याच वाटेने. कार्बन डायऑक्साइडसारखे उष्णता अडवणारे वायू वाढले की हे किरण सुटण्याची जागा वर सरकते. वरची हवा थंड, ती कमी उष्णता बाहेर टाकते, म्हणून जमा-खर्च जुळेपर्यंत खालचा थर तापत राहतो. खरे उदाहरण पाहायचे तर निफाडच्या द्राक्षबागेत पाहावे : आभाळ निरभ्र असले की रात्री पारा उतरतो आणि शेकोट्या पेटवाव्या लागतात, ढग आले की ते जमिनीची उष्णता अडवतात आणि थंडी पळते.

वातावरण ग्रहाला खरेच तापवते का, या वादाचा निकाल माझ्या मते शुक्राने लावला. १९५६ मध्ये त्याच्या रेडिओलहरींवरून तापमान ३०० अंशांच्या वर निघाले. ही उष्णता जमिनीची की वरच्या विद्युतभारित थराची, यावर सहा वर्षे खल चालला. १९६२ मध्ये जवळून गेलेल्या अमेरिकी यानाला शुक्रबिंबाच्या कडा मंद दिसल्या; वरचा थर तापलेला असता तर त्या उजळ दिसल्या असत्या, म्हणजे ताप खालचाच. १९७० मध्ये सोव्हिएत यान उतरले आणि २३ मिनिटे क्षीण संदेश पाठवत राहिले : सुमारे ४७५ अंश. शुक्राचे ढग तीन-चतुर्थांश ऊन परतवतात. तो पृथ्वीपेक्षाही कमी ऊन शोषतो, तरी कार्बन डायऑक्साइडच्या दाट हवेमुळे तिथे शिसे वितळेल.

मंगळाच्या हवेतही ९५ टक्के कार्बन डायऑक्साइडच, मग तिथे गोठवणारी थंडी का, असे विचारले जाते. तिथला हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्काही नाही. टक्केवारी मोठी, पण माल थोडा.

पृथ्वीवर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची हवाई बेटाच्या डोंगरावरची मोजणी १९५८ मध्ये दशलक्षात ३१५ भागांवर सुरू झाली, आता आकडा ४२० च्या पुढे आहे. पृथ्वीच्या तापाला सूर्य कारण असता, म्हणजे तो प्रखर झाला असता, तर वातावरण वर-खाली सगळेच तापले असते. नोंदी सांगतात की खालचा थर तापतो आहे आणि त्याच्या वरचा थर, म्हणजे स्थितांबर, थंड होतो आहे.