पोस्टेल पुरस्कार आणि जानेवारी १९९८ची ती मेल
नेटवर्किंगमधल्या सेवेसाठी दिला जाणारा पोस्टेल पुरस्कार १९९९ला सुरू झाला. ज्याच्या नावाने तो आहे तो इंजिनियर जॉन पोस्टेल ऑक्टोबर १९९८मध्ये हार्टच्या ऑपरेशननंतर ५५व्या वर्षी गेला, आणि पहिला पुरस्कार मरणोत्तर त्यालाच दिला. १९६९पासून हा माणूस इंटरनेट कसं चालावं ते लिहिलेले दस्तऐवज तपासायचा, पुढे नंबर आणि नावांच्या याद्याही तोच सांभाळायचा, आपलं डॉट-इन १९८९ला त्याच यादीत चढलं.

पण खरी गोष्ट आहे २८ जानेवारी १९९८ची. तेव्हा डॉट-कॉमसारखी डोमेन नावं, म्हणजे साइटचे पत्ते, विकायचा ठेका एकाच अमेरिकन कंपनीकडे होता, १९९५पासून दोन वर्षांचे १०० डॉलर लागायचे, आणि डॉट-कॉम, डॉट-इन अशा सगळ्या शेवटांच्या मूळ यादीची मास्टर फाइलही त्यांच्याच सर्व्हरवर. आपल्या नागपूरच्या झीरो माईलचा दगड एखाद्या दुकानदाराच्या आवारात असावा तसं. त्या दिवशी पोस्टेलने बारा रूट ऑपरेटरपैकी, म्हणजे ही मूळ यादी जगाला पुरवणारे सर्व्हर चालवणाऱ्यांपैकी, आठ जणांना मेल टाकली की फाइल आता तिथून नको, माझ्या सर्व्हरवरून घ्या. आठही जणांनी ऐकलं! ना कुठली साइट बंद पडली, ना कुणाची मेल अडली, सामान्य माणसाला तर कळलंसुद्धा नाही. वॉशिंग्टनहून सरकारचा दम आल्यावर त्याने आठवडाभरात सगळं होतं तसं केलं, ही टेस्ट होती म्हणाला. काही जण याला अजूनही बंडखोरी, कब्जा म्हणतात. मला ते पटत नाही, कारण त्या आठ जणांवर त्याचा कुठलाच हुकूम चालत नव्हता, तीस वर्षांच्या कामावरचा भरवसा तेवढा होता, आणि सेवा म्हणतात ती हीच. त्याच वर्षी याद्यांच्या कामासाठी नवी संस्था उभी राहिली.

पुरस्कारात पुढे २० हजार डॉलर आणि क्रिस्टलचा पृथ्वीगोल असं ठरलं. सुरुवातीची नावं बहुतेक अमेरिका-युरोपातली, मग जपान, घाना, चीन, कोरिया, आणि २०१४ला नेपाळच्या डोंगरातल्या गावांत वायरलेस नेणारा एक शिक्षक. हे नाव मला सगळ्यात जवळचं वाटतं, कारण इकडे मे महिन्यात ४५ डिग्रीत खांबाला शिडी लावून, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून केसासारख्या बारीक फायबरचा जोड मारणारी पोरं मी रोज बघतो, त्यांचं कामही याच जातीचं आहे.