आइनस्टाईनच्या पोटातला फुगा

डिसेंबर १९४८. ब्रुकलिनच्या ज्यूइश हॉस्पिटलमध्ये सर्जन रुडॉल्फ निसेन यांनी ६९ वर्षांच्या अल्बर्ट आइनस्टाईन यांचं पोट उघडलं. वरचेवर होणारी पोटदुखी आणि उलट्या कशामुळे, ते पाहायचं होतं. आत महाधमनीवर लहान पपनसाएवढा फुगवटा आलेला! तो काढून टाकण्याचं तंत्र तेव्हा कुणाकडेच नव्हतं. निसेन यांनी त्यावर सेलोफेन गुंडाळलं आणि पोट शिवून टाकलं. हो, मिठाईच्या खोक्यावर असतं तसलंच सेलोफेन. शरीराला ते खुपतं, मग त्याभोवती व्रणासारखा जाड थर धरतो आणि भिंतीला बाहेरून टेकू मिळतो, असा हिशेब.

महाधमनी म्हणजे हृदयातून निघालेली रक्ताची मुख्य नळी. पोटात ती पाठीच्या कण्याला लगटून उतरते आणि बेंबीच्या आसपास दोन पायांसाठी दुभंगते. तिथे तिची जाडी साधारण २ सेंटिमीटर. ती ३ सेंटिमीटरच्या पुढे गेली की डॉक्टर अॅन्युरिझम म्हणतात. सायकलचा टायर एका जागी विरला की तिथून ट्यूब फुगा धरते, तसाच हा प्रकार. वय, पुरुष असणं, घरात आधी कुणाला असणं ही कारणं आपल्या हातातली नाहीत. तंबाखूचा धूर मात्र आहे, आणि तोच सगळ्यात मोठा गुन्हेगार. आइनस्टाईन यांचा पाइप तर प्रसिद्धच!

आता फुगा फुगवून पाहा. पहिल्या फुंकेला गाल दुखतात, पुढे तो भराभर फुगतो. नळीच्या भिंतीवरचा ताण आतल्या दाबाला त्रिज्येने गुणल्यावर मिळतो, म्हणजे रक्तदाब तोच राहिला तरी नळी रुंदावली की ताण वाढतो. ताण वाढला की भिंत आणखी ताणते, पातळ होते. म्हणून तर सगळं लक्ष व्यासावर. पुरुषांत साधारण ५.५ आणि स्त्रियांत ५ सेंटिमीटरपर्यंत सोनोग्राफी करत नजर ठेवतात, त्यापुढे ऑपरेशनचा विचार. बहुतेकांना तोवर काहीच जाणवत नाही. फुटला तर मात्र हॉस्पिटल गाठेपर्यंतच अनेक जण जातात.

मार्च १९५१ मध्ये पॅरिसला शार्ल द्युबोस्त यांनी फुगलेला भाग काढून तिथे मृत माणसाची धमनी जोडली. पण अशा धमन्या आणायच्या किती? ह्यूस्टनचे मायकेल डिबेकी कापडाच्या दुकानात नायलॉन आणायला गेले. ते संपलेलं होतं, म्हणून डेक्रॉन घेतलं आणि शिलाई मशीनवर नळ्या शिवल्या. डेक्रॉन म्हणजे आपलं टेरिलिन! ज्या कापडाचे शर्ट एकेकाळी मिरवले गेले, त्याच्या नळीतून आज लोकांचं रक्त वाहतं.

उघड्या ऑपरेशनमध्ये फुगवट्याच्या वर-खाली चिमटे लावून रक्त थांबवतात, फुगवटा चिरतात, आतल्या गुठळ्या काढतात आणि ती नळी वर-खाली टाक्यांनी शिवतात. मग उरलेली जुनी भिंत तिच्यावरच पांघरतात. मला हे पांघरणं फार आवडतं. १९९० साली ब्युनोस आयर्समध्ये हुआन परोदी यांनी वेगळी वाट दाखवली: जांघेतल्या धमनीतून घडी घातलेली नळी वर सरकवायची आणि फुगवट्याच्या आत उघडायची. रुग्ण लवकर घरी जातो. पण नळीच्या कडेने रक्त झिरपू शकतं, म्हणून पुढे वर्षानुवर्षं तपासणी चुकत नाही.

सेलोफेनवाल्या ऑपरेशननंतर आइनस्टाईन सहा वर्षांहून अधिक जगले. एप्रिल १९५५ मध्ये फुगवटा फुटू लागला. तोवर धमनी बदलण्याची सोय झालेली होती. न्यूयॉर्कहून आलेले सर्जन फ्रँक ग्लेन ऑपरेशन करा म्हणत होते. आइनस्टाईन नको म्हणाले, आयुष्य असं ओढूनताणून लांबवणं त्यांना रुचत नव्हतं. प्रिन्स्टनच्या हॉस्पिटलात त्यांनी चष्मा आणि अर्धवट राहिलेल्या आकडेमोडीचे कागद मागवून घेतले. १८ एप्रिलच्या पहाटे ते गेले.