किनाऱ्याची राखण आणि ठराव १३२५

दुपार कलली की हर्णैच्या वाळूवर मासळीचा लिलाव सुरू होतो. कुठली होडी लागली, कुठली अजून यायची आहे, गर्दीत अनोळखी कोण आहे, हे पाट्या घेऊन बसलेल्या बायकांच्या नजरेतून सुटत नाही. सागरी सुरक्षेच्या ज्या बैठका मी पाहिल्या, तिथे मात्र तांडेल, म्हणजे होडी चालवणारे प्रमुख, आणि बोटमालकच होते. बायकांना बोलावणंच गेलं नव्हतं.

ही जुनी खोड आहे, आणि नुसती आपली नाही. १९१५ च्या एप्रिलमध्ये, पहिलं महायुद्ध पेटलेलं असताना, हेगला एक हजाराहून जास्त स्त्रिया जमल्या. त्यांच्यात एकमेकांशी लढणाऱ्या देशांतल्याही होत्या. लवादाने तंटा मिटवा, तहाच्या बोलण्यांत आम्हाला घ्या, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांची शिष्टमंडळं मंत्र्यांना भेटली. युद्ध चालूच राहिलं.

पुढे बोस्निया आणि रवांडात बलात्कार हे युद्धाचं हत्यार झालं. रवांडासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने १९९८ मध्ये बलात्कारही वंशसंहाराचं कृत्य ठरू शकतो, असा निकाल दिला. मग ३१ ऑक्टोबर २००० रोजी, नामिबियाकडे अध्यक्षपद असताना, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव १३२५ एकमताने मंजूर केला. स्त्रियांचं रक्षण करा, एवढंच तो सांगत नाही. संघर्ष टाळण्यापासून तहापर्यंतच्या निर्णयांत त्यांना घ्या, असंही सांगतो. माझ्या मते ठरावाचा प्राण या दुसऱ्या भागात आहे, आणि सरकारं अडखळतात तीही तिथेच.

भारताने २००७ मध्ये लायबेरियाच्या शांतिसेनेत केवळ महिलांची पोलीस तुकडी पाठवली. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांतली ती पहिलीच. नौदलात १९९२ पासून महिला अधिकारी आल्या, पण कायमस्वरूपी नेमणुकीसाठी त्यांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. निकाल लागला मार्च २०२० मध्ये. डिसेंबर २०२३ मध्ये मालवणला नौदल दिन झाला, त्याच सुमारास युद्धनौकेवर पहिल्या महिला कमांडिंग अधिकाऱ्याची नेमणूक जाहीर झाली. आम्हा कोकणवासीयांना त्याचं खूप अप्रूप वाटलं.

किनाऱ्यावर मात्र जुनीच घडी आहे. १९९३ मध्ये रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीला मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं उतरली, २००८ मध्ये अतिरेकी मुंबईच्या मच्छीमार वस्तीत उतरले. तेव्हापासून मच्छीमारांना किनाऱ्याचे डोळे आणि कान म्हणतात. ते डोळे बायकांचेही आहेत. पुढची बैठक लिलावाची वेळ टाळून ठेवली आणि निरोप बंदरावर धाडला, तर त्या येतील.